काजताईचा शोधअर्ज

शर्टाचे काज कोणाच्या हातचे आहे हे ओळखायचे असेल तर शर्ट उलटा करून बघावा, असे काजताई म्हणत असे. सरळ बाजूने सगळी काजे सारखीच दिसतात, उलट बाजूला हात कळतो. तिच्या काजाच्या शेवटच्या टोकाला, आतून, एक टाका जास्त असे. ती ज्यांच्यासाठी काम करी त्या समोरच्या टेलरमास्तरांना त्या टाक्याचा फार राग.

"अहो ताई, एका शर्टाला आठ काजं. दिवसाला बारा शर्ट. शहाण्णव टाके फुकट! तेवढ्या वेळात माझी एक कॉलर होते."

"तुमची कॉलर महिन्याभरात मान टाकते, मास्तर. माझं काज कधी उसवून आलंय का, तेवढं सांगा."

यावर मास्तर पायमशीन जोरात चालवू लागत.

आमच्या घरामागच्या खोलीत ती एकोणीस वर्षे राहिली. मी रोजची डायरी लिहिते, त्यामुळे पुढे ज्या तारखा सांगणार आहे त्या अंदाजाने सांगत नाही. ती आली तो मार्च महिन्यातला गुरुवार होता आणि त्या दिवशी नळाला पाणी नव्हते.

आमचा देश मोडला त्याला तेव्हा सात महिने झाले होते. 'मोडला' हाच शब्द सगळे वापरत, जणू खुर्चीच होती. आमचे हे शाळेत भूगोल शिकवत. भिंतीवरच्या नकाशांवर नवी सीमा लाल रंगाने काढून द्या, असे मुख्याध्यापकांनी सांगितले, तेव्हा हे म्हणाले, "पेन्सिलीने काढतो. खोडरबर कपाटात ठेवा, लागेल." खरोखरच दोनदा लागले.

सीमेपलीकडून माणसे येऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग पांढऱ्या गाड्या आल्या. गाड्यांवर निळी अक्षरे होती. जागतिक संस्था कोणती, तिचे पूर्ण नाव काय, हे फारच थोड्यांना माहीत होते. आम्ही सगळे 'पांढऱ्या गाडीवाले' म्हणत असू. तेरा देशांची परिषद भरली, कोणता देश किती माणसे घेणार याचे आकडे वर्तमानपत्रात आले. कोणाला तरुण हवे होते, कोणाला डॉक्टर. एका दूरच्या थंड देशाने सांगितले की आम्ही शाळकरी मुले घेऊ, वसतिगृहात ठेवू, त्यांचे आईबाप सुरक्षित जागी पोचले की परत पाठवू. ज्यांना कोणीच घेतले नाही ते आमच्यासारख्या गावांत राहिले. ज्यांच्या घरी जादा खोली असेल त्यांनी नाव द्यावे, असा कागद दारोदार फिरला. ह्यांनी जुने नकाशे ठेवायची मागची खोली रिकामी केली आणि नाव दिले.

काजताईजवळ एक कापडी पिशवी होती. पिशवीत कात्री, दोऱ्याची रिळे आणि एक लहान मुलीचा स्वेटर. गळ्यात संस्थेचे कार्ड. बोटात सुई टोचू नये म्हणून घालायचा अंगुस्ताना होता. तो काढायचीच तिला आठवण राहिली नव्हती. मी पाणी पुढे केले, तर तिने तांब्या हातात घेतला आणि न पिता विचारले, "वहिनी, इथून त्या लोकांचं ऑफिस किती लांब आहे?"

तिची मुलगी हरवली होती. मुलीला घरी सगळे गुंडी म्हणत. आईकडे काज, म्हणून मुलगी गुंडी. हे नाव तिच्या वडिलांनी ठेवले होते. ते लढाईच्या पहिल्याच महिन्यात गेले. मायलेकी छावणीत तीन महिने होत्या. मग छावणीवर तोफा पडण्याची वेळ आली आणि संस्थेने एका दिवसात बसेस आणल्या. "मोठ्या मुलांची बस वेगळी होती," काजताईने सांगितले. "दोन दिवसांत सगळे एकत्र होणार, असं म्हणाले. आमची बस पुलावरून आली. मागे पूल बंद झाला. त्यांची बस दुसऱ्या रस्त्याने गेली."

तेव्हा तिने एवढेच सांगितले, आणि मी तेवढेच डायरीत लिहिले.

शोधअर्ज चार पानांचा असे आणि इंग्रजीत भरावा लागे. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेले. इंग्रजी बरे आणि अक्षर त्याहून बरे. म्हणून अर्ज भरायचे काम माझ्याकडे आले ते कायमचे. मुलीचे नाव, आईचे नाव, जन्मगाव, जन्मतारीख, शेवटचे कुठे पाहिले, ओळखीची खूण. काजताईने गळ्यातले कार्ड माझ्यापुढे धरले. त्यावर घरातल्या माणसांच्या यादीत मुलीची जन्मतारीख एक जानेवारी होती आणि वर्ष असे, की देश मोडला तेव्हा गुंडी बारा पूर्ण होऊन तेराव्यात होती.

"एक जानेवारी? वा, वर्षाच्या पहिल्याच दिवशी," मी म्हटले.

"हो," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर बघू लागली.

अर्जाची मुदत वर्षाची असे. दर जानेवारीत तो नव्याने भरायचा. दर जानेवारीत मी तीच तारीख सुबक अक्षरात, शाईच्या पेनाने, एकही खाडाखोड न करता लिहिली. पहिला अर्ज धरून सोळा वेळा.

संस्थेच्या ऑफिसात दर सहा महिन्यांनी साहेब बदलत. पहिला साहेब आमच्या भाषेत "बसा" आणि "आशा ठेवा" एवढेच शिकला होता आणि दोन्ही एकदमच म्हणत असे. दुसऱ्या बाईंनी आम्हाला नीट समजावून सांगितले. अर्जातल्या पाच मुख्य गोष्टींपैकी तीन जुळल्या तरच फाईल वर येते. हजारो अर्ज आहेत, माणसे मोजकी. गुंडीचे खरे नाव आमच्याकडे दर तिसऱ्या मुलीचे असते. आईचे नाव परक्या लिपीत कोणी कसे लिहिले असेल याचा भरवसा नाही. जन्मगावाचे नाव तर नव्या राज्याने बदलूनच टाकले होते, आणि यादीत ते जुन्या नावाने आहे की नव्या, हे यादी करणाऱ्यालाही सांगता येत नव्हते.

"म्हणजे तारखेवर सगळी भिस्त," ऑफिसातून परतताना मी म्हटले. "तारीख तरी पक्की आहे, हे बरं."

काजताई खाली बघत चालत राहिली. मला वाटले, ती दमली आहे.

ती फार बोलकी होती, असे मी म्हणणार नाही, पण तिची जीभ सुईसारखी होती. शेजारची पेन्शनरीण एकदा तिला सांत्वन म्हणून म्हणाली, "देवाची इच्छा." तेव्हा काजताई म्हणाली, "देवाला चार पानांचा अर्ज भरायला लावा, मग बघू त्याची इच्छा." आमच्या ह्यांना दम्याचा त्रास होता. रात्री खोकून झाले की सकाळी ती दारात येऊन म्हणे, "सर, काल खोकत खोकत किती देश पालथे घातलेत?" हे हसत आणि पुन्हा खोकत. माझ्या मुलाच्या लग्नाच्या कोटाची काजे तिने केली. सूनबाईला तिने कोट उलटा करून तो जास्तीचा टाका दाखवला. "हे बघ. बाहेरून दिसत नाही, पण ओढ बसली की हाच धरतो. गुंडी लहानपणी बटणं ओढून ओढून तोडायची, तेव्हापासून घालते."

गुंडीला तिने काज शिकवले होते. म्हणून एक गोष्ट ती नेमाने करत असे. मदत करणाऱ्या देशांतून जुन्या कपड्यांची गाठोडी येत आणि शाळेच्या व्यायामशाळेत त्यांचे वाटप होई. काजताई तिथे जाई, पण कपडे घ्यायला नव्हे. ती एकेक कोट, एकेक शर्ट उलटा करून काज बघे आणि परत ठेवून देई. रांगेतल्या बायका वैतागत.

"घ्यायचा आहे का तो कोट? नाही तर सोडा."

"बघते फक्त."

"आरसा हवाय का आणखी?"

"आरसा नको. भिंग असेल तर द्या."

मी एकदा तिला विचारले, की एवढ्या मोठ्या जगातून गुंडीच्या हातचा कोट नेमका आपल्याच गावी कसा येईल. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला येणार नाही असं वाटतं ना? मग तुम्ही घरी थांबा. मी येते जाऊन."

सहाव्या वर्षी ऑफिसातून निरोप आला की एक मुलगी जुळते आहे. नाव तेच, एक जानेवारी तीच, वर्षही तेच. फोन जोडून देणार होते. काजताईने त्या दिवशी स्वेटर पिशवीत घालून बरोबर घेतला. फोनवर काय उपयोग, असे मी म्हणणार होते, पण म्हटले नाही. तिने फोन कानाला लावला, दोन-तीन वाक्ये ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. ही नव्हे, एवढे मला हातानेच सांगितले. तरी फोन ठेवला नाही. दहा मिनिटे ती त्या परक्या मुलीशी बोलत राहिली. जेवतेस का, केस कोण विंचरून देतं, थंडी फार आहे का, मोजे जाड घाल.

बाहेर आल्यावर मी विचारले, "आपली नव्हती, तर एवढा वेळ काय बोलत होतीस?"

"तिनेही सकाळपासून वाट बघितली असेल, वहिनी."

पुढे पांढऱ्या गाड्या कमी झाल्या. दूर कुठेतरी आणखी एक देश मोडला आणि मदत करणाऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. संस्थेचा बंगला जाऊन एक मजला राहिला, मजला जाऊन औषधाच्या दुकानावरची एक खोली राहिली, मंगळवार आणि शुक्रवार उघडणारी. परदेशी साहेब गेले. आमच्याच गावातला एक माणूस तेवढा उरला. त्याला आम्ही शोधबाबू म्हणत असू. व्यायामशाळेत कपड्यांची गाठोडी येणेही थांबले.

सोळाव्या वर्षाच्या जूनमध्ये आमचे हे गेले. त्यांच्या पेन्शनच्या कागदांसाठी मला त्यांच्या आजारपणाच्या तारखा हव्या होत्या. दमा थंडीत वाढे. बहुतेक वेळा नोव्हेंबरातच ते इस्पितळात असत. म्हणून पुढच्या डिसेंबरात मी सगळ्या जुन्या डायऱ्या काढल्या आणि प्रत्येकीतला फक्त नोव्हेंबर वाचत गेले. इतकी वर्षे मी रोज एकेक दिवस लिहिला होता. एकापाठोपाठ एक असे नोव्हेंबर कधी वाचले नव्हते.

तेवीस नोव्हेंबर: ह्यांना वाफ दिली. काजताईने आज काम घेतले नाही.

तेवीस नोव्हेंबर: डॉक्टर येऊन गेले. काजताईची खोली दिवसभर बंद. डोके दुखते म्हणाली.

तेवीस नोव्हेंबर, रविवार: टेलरमास्तर स्वतः शर्ट घेऊन आले. काजताईने परत पाठवले.

प्रत्येक वर्षी ती नोंद होती. एका वर्षी मी कंसात लिहिले होते, 'नवऱ्याचा दिवस असावा.' पण तिचा नवरा लढाईच्या पहिल्या महिन्यात गेला होता, आणि तो महिना ऑगस्ट होता. हे मी ती आली त्याच वर्षीच्या डायरीत, माझ्याच हाताने लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डायऱ्या घेऊन तिच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसून काजे करत होती.

"तेवीस नोव्हेंबरला काय असतं गं?"

"काय असणार? बावीसच्या नंतर येतो."

"त्या दिवशी तू काम करत नाहीस. एकदाही केलं नाहीस."

तिने मान वर केली. "लिहून ठेवलंत?"

"मी सगळंच लिहून ठेवते."

"आणि आता वाचताय होय?"

ते मला लागले. अजून लागते. मी तिच्यासमोर बसले. तिने सुई कापडात टोचून ठेवली, अंगुस्ताना काढला आणि सांगितले. बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. हातातल्या शर्टाकडे बघत होती.

"छावणीत टेबल मांडून नाव नोंदवत होते. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धा शिधा. बारा पूर्ण झाली की पूर्ण शिधा, आणि स्वतःचं वेगळं कार्ड. माझ्यापुढच्या बाईने वय वाढवून सांगितलं, तिच्या पुढचीनेही. गुंडी उंच होती. अकरावं चालू होतं तिला, पण उंच होती. मी म्हटलं, बारा पूर्ण. ती लगेच म्हणाली, 'ए आई, मला तर अजून अकरा...' मी तिला चिमटा काढला. इथे, दंडाला. जोरात. ती गप्प बसली. त्या माणसाने तारीख विचारली. मला हिशेबच जमेना, कोणतं वर्ष सांगू ते. तो म्हणाला, राहू द्या, एक जानेवारी टाकतो."

"मग बसेस..."

"बसेस आल्या तेव्हा बाराच्या आतली मुलं आईच्या कार्डावर, आईबरोबर. बाराच्या वरच्यांची यादी वेगळी, त्यांना तो थंड देश घेणार होता. मी म्हटलं, ही माझ्याबरोबर येणार, लहान आहे. यादी घेऊन उभ्या असलेल्या बाईने कार्ड बघितलं. म्हणाली, तेरावं लिहिलंय, तुम्हीच सांगितलंय ना? आणि कार्डाच्या मागे लाल अक्षरात होतं, खोटी माहिती दिली तर कार्ड रद्द. कार्ड रद्द म्हणजे दोघींनाही बस नाही. मी विचार करत राहिले, वहिनी. खरं सांगू की नको. तेवढ्यात त्यांनी तिला वर चढवलं. ती खिडकीत दंड चोळत होती. चिमट्याला तीन महिने होऊन गेले होते, पण दंड चोळत होती."

"मला का नाही सांगितलंस? मी सोळा वर्षं खोटी तारीख लिहिली."

"कार्ड काढून घेतलं असतं तर शोधणार कोण? आणि नंतर..." तिने मांडीवरचा शर्ट सारखा केला. "नंतर तुम्ही इतकं छान अक्षर काढून लिहायचात, की मला वाटायचं, हेच खरं होऊन जाईल."

शुक्रवारी आम्ही दोघी शोधबाबूकडे गेलो. काजताईने गळ्यातले जुने कार्ड काढून त्याच्या टेबलावर ठेवले, जसा एखादा माणूस पोलिसांपुढे चाकू ठेवतो, आणि खरे सांगितले. शोधबाबूने कार्ड हातात घेऊन उलटसुलट केले.

"ताई, ही कार्डं बाद होऊन बारा वर्षं झाली. सगळ्यांचीच. आणि वयाचं म्हणाल, तर अर्ध्या छावणीने वाढवून सांगितली होती. आम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं?" मी विचारले.

"वरच्यांनाही होतं. अहवालात आलंय तसं."

"मग एकदा तरी विचारायचं होतंत. इतक्या वेळा आलो आम्ही."

तो हातातल्या पेनाचे टोपण काढत आणि लावत राहिला. मग म्हणाला, "अर्जात तसा प्रश्न नव्हता, वहिनी," आणि दुरुस्तीचा कागद पुढे केला. मी तेवीस नोव्हेंबर लिहिले, खरे वर्ष लिहिले. माझे अक्षर त्या दिवशी वाईट आले.

अकरा आठवड्यांनी, मंगळवारी, उत्तर आले. शोधबाबूने पाकीट स्वतः न वाचता माझ्या हातात दिले.

"जसं लिहिलंय तसं सांगा वहिनी," काजताई म्हणाली. "गाळू नका."

त्यात लिहिले होते, की हे नाव आणि ही जन्मतारीख असलेल्या व्यक्तीने त्या थंड देशातून आपल्या आईसाठी शोधअर्ज केला होता. पहिला अर्ज वसतिगृहातून, वयाच्या अकराव्या वर्षी. त्यानंतर दर वर्षी. एकूण चौदा.

"चौदा," काजताई म्हणाली. "तारीख कोणती घातली होती तिने?"

"तेवीस नोव्हेंबर. खरी."

 ती आपल्याच दंडावर हात ठेवून म्हणाली, "एवढा चिमटा काढला, तरी तिने खरंच सांगितलं."

'ओळखीची खूण' या रकान्यात गुंडीने लिहिले होते: माझी आई काजे करते. तिच्या काजाला आतून एक टाका जास्त असतो. तिथे मी थांबले. शोधबाबू उठून खिडकीशी गेला.

"पुढे वाचा," काजताई म्हणाली.

पुढे होते ते असे: अडीच वर्षांपूर्वी अर्जदाराने स्वतःहून शोध बंद करण्याची विनंती केली. आपला पत्ता कोणालाही देऊ नये असे कळवले. कारणाच्या रकान्यात एक ओळ होती. ती मी वाचू की नको, असा विचार मी केला. निदान तीन-चार श्वास केला. पण मला लहानपणापासून शिकवले होते, की खऱ्याने कधी कोणाचे वाईट होत नाही, आणि तिने गाळू नका म्हटले होते. म्हणून मी वाचली.

"आई मला शोधत असती, तर एवढ्या वर्षांत मी सापडले असते."

काजताईने मान हलवली. दुकानात हिशोब बरोबर आहे असे सांगताना माणूस हलवतो, तशी. "बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. मग उठून पदर नीट केला आणि शोधबाबूला म्हणाली, "तुम्हाला फार त्रास दिला."

संस्थेने गुंडीच्या शेवटच्या पत्त्यावर पत्र पाठवले. ते परत आले. तिथे आता कोणी दुसरे राहत होते.

त्या दिवशी ते वाक्य मी गाळले असते तर काय झाले असते, हे मला माहीत नाही. खऱ्याने कोणाचे वाईट होत नाही, हे मी त्यानंतर कोणाला शिकवलेले नाही.

काजताई काम करत राहिली. वसंतात, एका शनिवारी, टेलरमास्तर माझ्याकडे आले. हातात दोन शर्ट होते. दारातच उभे राहून त्यांनी एक शर्ट उलटा केला.

"वहिनी, हे बघा."

मी बघितले. काजे नेहमीसारखी सुबक होती. जास्तीचा टाका नव्हता.

"मी विचारलं ताईंना. तर म्हणाल्या, वेळ जातो मास्तर, तुम्हीच म्हणायचात ना." वर्षानुवर्षे भांडलेला माणूस, पण त्यांचे डोळे भरले होते. "त्यांना सांगा हो, घाला म्हणावं. मी काही म्हणणार नाही. दिवसाला एक शर्ट कमी झाला तरी पगार कापणार नाही, पण घाला म्हणावं."

मी सांगितले. ती म्हणाली, "सांगा त्यांना, आता ओढ बसत नाही."

ती त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात गेली. छातीत कफ झाला, पाच दिवस इस्पितळात होती. चौथ्या दिवशी तिने मला विचारले, "दुरुस्तीचा कागद गेला ना नक्की?" मी म्हटले, गेला. "आणि तिने पुन्हा कधी अर्ज केला तर?"

"तर तुझा अर्ज तिथे असेल, खऱ्या तारखेचा. लगेच जुळेल."

"लगेच," ती म्हणाली. मग नर्सच्या कोटाकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, "बघा, मशीनचं काज. चार धुण्यांत उसवेल." तिचे मी ऐकलेले शेवटचे पूर्ण वाक्य तेच.

जानेवारीत मी शोधबाबूकडे गेले. त्याने फाईल काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, की अर्जदार मयत झाल्यावर अर्ज बंद होतो. नियमच आहे. मुलीने उद्या पुन्हा शोध सुरू केला, तर या बाजूला जुळायला काही उरणार नाही.

"मी भरते ना अर्ज. मी शेजारीण आहे. एकोणीस वर्षं ती माझ्या शेजारी राहिली."

"शेजारी चालत नाही, वहिनी. रक्ताचं नातं लागतं. मी पाठवला तरी वरून परत येईल."

मी म्हटले, पाठवून तर बघा. त्याने पाठवला. 'नाते: आईची शेजारीण', असे माझ्या अक्षरात लिहिलेला तो कागद मार्चमध्ये परत आला.

मी दोन आठवडे विचार केला. सत्तरी उलटल्यावर माणसाने काय करावे आणि काय करू नये, याच्या याद्या डायरीत करून पाहिल्या आणि खोडल्या. मग एका शुक्रवारी सकाळी लवकर गेले. शोधबाबूने कोरा अर्ज घेतला. त्याला आम्हा दोघींची सगळी हकिगत माहीत होती. त्या दिवशी खिडकीशी तोच तर उभा होता. तरी त्याने पहिल्यांदाच भेटत असल्यासारखे विचारले.

"मुलीशी नातं?"

"मावशी."

त्याने वर बघितले. "सख्खी?"

"सख्खी."

त्याने लिहिले. लिहून झाल्यावर सहीसाठी अर्ज माझ्याकडे सरकवला. कागदावर खोटे लिहिताना हात थरथरतो, असे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत. माझा थरथरला नाही. नातेसंबंधाचा रकाना मी पुन्हा बघितलादेखील नाही. फक्त जन्मतारीख मी त्याला दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावली.